वाचक विचारतात : कुंडातले पिवळे जीवाणू, टॅक आणि प्रेशर कुकर

उष्णताप्रेमी सूक्ष्मजीवांवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून सहांची उत्तरं इथे देत आहोत. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न : आम्ही तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडातून पाणी आणलं, न्यूट्रिअंट अगरच्या (जीवाणू वाढवायच्या गोठवलेल्या माध्यमाच्या) प्लेटवर पसरलं आणि ७० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी अगरचा पापड झाला होता. थर्मस (उष्ण झऱ्यांतला पिवळा जीवाणू) एकाही प्लेटवर मिळाला नाही. ५५ अंशांवर ठेवलेल्या प्लेटवर मात्र पांढुरक्या कॉलनी भरभरून आल्या. आमचं काय चुकलं?
— बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनी, रत्नागिरी

तुम्हाला तीन गोष्टी नडल्या : जेवण, अगर आणि नमुन्याची जागा.

आधी जेवण. न्यूट्रिअंट अगरमध्ये लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन आणि ३ ग्रॅम बीफ एक्स्ट्रॅक्ट असतो. थर्मस अ‍ॅक्वाटिकसला एवढा पाहुणचार मानवत नाही. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या मशरूम स्प्रिंगमधून १९६६ साली घेतलेल्या नमुन्यातून तो वेगळा केला. त्यांच्या माध्यमात ट्रिप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट प्रत्येकी १ ग्रॅमच होतं. बाकी सगळे क्षार. एका लिटरला नायट्रिलोट्रायअ‍ॅसेटिक आम्ल १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम सल्फेट ६०, मॅग्नेशियम सल्फेट १००, मीठ ८, पोटॅशियम नायट्रेट १०३, सोडियम नायट्रेट ६८९ आणि डायसोडियम फॉस्फेट १११ मिलिग्रॅम घ्या. त्यात ०.०३ टक्के फेरिक क्लोराइडचं द्रावण १ मिलिलिटर आणि सूक्ष्म मूलद्रव्यांचं द्रावण १ मिलिलिटर घाला. पीएच ८.२ ठेवा.

यादीतलं पहिलं आम्ल साध्या पाण्यात विरघळत नाही. थोड्या पाण्यात कालवून सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालत जा, पाणी निवळलं की बाकीचे क्षार टाका. ते वगळायचा मोह होतो, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोखंड धरून ठेवायचं काम तेच करतं. ते नसेल तर ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) बाटली काढल्यावर तळाशी फॉस्फेटचा पांढरा साका दिसतो. तरीही साका आलाच तर फॉस्फेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर मिसळा.

आता अगर. तो वितळतो साधारण ८५ अंशांना, म्हणून ७० ला टिकेल असं वाटतं. पण त्या तापमानाला १.५ टक्क्याचा अगर मऊ पडतो आणि पाणी सोडतो. ते पाणी आधी झाकणावर चढतं, कॉलन्यांवर टपकून त्या एकमेकींत मिसळवतं आणि मग उडून जातं. पापड झाला तो असा. अगर ३ टक्के घ्या, प्लेटमध्ये नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे २५ ते ३० मिलिलिटर ओता. प्लेटा उलट्या करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, पिशवीत ओला कापूस ठेवा आणि इनक्युबेटरच्या तळाशी पाण्याचं भांडं. ७५ च्या वर जायचं असेल तर अगर सोडून जेलन गम घ्यावा : ०.८ ते १ टक्का, सोबत ०.१ टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड, कारण त्याशिवाय तो नीट धरत नाही. मात्र तो गरम असतानाच पटकन गोठतो. अगरसारखा ‘हाताला सोसेल इतका’ निवू दिलात तर फ्लास्कमध्येच खरवस होईल.

५५ अंशांवर आलेल्या पांढुरक्या कॉलनी बहुधा जिओबॅसिलस किंवा त्याच्या नातलगांच्या असाव्यात. त्यावरून ‘झऱ्यात जिओबॅसिलस राहतो’ असं प्रकल्पात लिहू नका. त्याचे बीजाणू साध्या मातीत, धुळीत, अंगणातही असतात. ते थंडीत वर्षानुवर्षं झोपून राहतात आणि ५५ अंश मिळाले की उठतात. तो झऱ्याचा रहिवासी आहे की वाऱ्याने आलेला पाहुणा, हे प्लेट सांगू शकत नाही. थर्मस बीजाणू करत नाही, त्यामुळे तो मिळाला तर त्याला जास्त अर्थ आहे. ७० ते ७२ अंश ठेवलेत तर बहुतेक जिओबॅसिलस मागे पडतात आणि थर्मसच्या पिवळ्या, पसरट कॉलनी दिसू लागतात. पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा. ग्राम रंजनात त्या गुलाबी, लांबट काड्या दिसल्या पाहिजेत.

नमुना घेताना आंघोळीचं कुंड टाळा. पाणी जिथे जमिनीतून वर येतं तिथला गाळ आणि दगडावरची बुळबुळीत साय खरवडून निर्जंतुक नळीत घ्या, नुसत्या पाण्यात पेशी फार थोड्या असतात. तापमापी त्याच जागी बुडवून आकडा लिहा, हातभर अंतरावर पाच-दहा अंशांचा फरक पडू शकतो. बर्फाची गरज नाही. घरी आल्यावर २० मिलिलिटर द्रव माध्यमात १ मिलिलिटर नमुना टाकून ७० ला दोन-तीन दिवस ठेवा आणि मगच प्लेटवर रेघा ओढा. कापसाचा बोळा नको, सैल फिरकीचं झाकण हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी नळी कोरडी. नळी काठोकाठही भरू नका : ७० अंशांच्या पाण्यात प्राणवायू २५ अंशांच्या पाण्याच्या निम्म्याहून कमी विरघळतो, आणि थर्मसला प्राणवायू लागतो.

शेवटचं, इनक्युबेटरच्या दर्शनी आकड्यावर विसंबू नका. पाण्याने भरलेल्या फ्लास्कमध्ये तापमापी ठेवून त्याच फळीवर रात्रभर राहू द्या आणि सकाळी वाचा.

प्रश्न : पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीत) ९५ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग १०० अंशांवर जगणाऱ्या जीवांचा डीएनए सुटत कसा नाही? त्यांच्यात जी आणि सी (एकमेकांना जास्त घट्ट धरणारी डीएनएची अक्षरं) जास्त असतात म्हणून का?
— निवृत्त शिक्षक, सातारा

जी-सीचा तर्क सुंदर आहे, पण खोटा ठरलेला आहे. १०० अंशांना सर्वांत जोमाने वाढणाऱ्या पायरोकॉकस फ्युरिओससच्या जनुकसंचात जी-सीचं प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या आतड्यातल्या ई. कोलायपेक्षाही कमी. उलट बागेतल्या मातीत साध्या तापमानाला राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये ते सत्तरच्या पुढे जातं. तापमानाशी जी-सीचा खरा मेळ बसतो तो रायबोसोमच्या आरएनएत आणि टी-आरएनएत. ते एकेरी धागे स्वतःवरच दुमडून आकार धरतात, आणि तो आकार टिकवायला जी-सी जोड्या लागतात.

डीएनए सुटत नाही याचं मोठं कारण अगदी साधं आहे. पीसीआरच्या नळीत मोकळ्या टोकांचे तुकडे असतात. पेशीत बंद वर्तुळ असतं, त्याला टोकच नाही. दोन धागे एकमेकांभोवती गुंडाळलेले आणि दोन्ही टोकं जोडलेली, मग उलगडणार कुठून? बंद वर्तुळाचा डीएनए नळीतसुद्धा १०० अंशांच्या पुढे दुहेरी राहिलेला प्रयोगांत दिसला आहे. शिवाय ८० अंशांच्या वर वाढणाऱ्या जीवांत रिव्हर्स गायरेज नावाचं एन्झाइम असतं. किकुची आणि असाई यांनी ते १९८४ साली सल्फोलोबसमध्ये शोधलं. एटीपी खर्चून ते डीएनएला आणखी पीळ देतं. थर्मोकॉकस कोडाकरेन्सिसमधून त्याचं जनुक काढून टाकलं तर जीव मरत नाही, पण वाढ मंदावते आणि ९३ अंशांवर तो वाढतच नाही.

खरा धोका धागे सुटण्याचा नाही, मोडण्याचा आहे. उष्णतेने प्युरीन (डीएनएची ए आणि जी ही अक्षरं) गळून पडतात आणि सायटोसिनमधला अमाइन गट जाऊन त्याचं युरॅसिल होतं. पेशीतले पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार गळती कमी करतात, बाकीची डागडुजी एन्झाइमं करतात. पायरोकॉकसच्या पॉलिमरेजने (डीएनएची नक्कल काढणाऱ्या एन्झाइमने) यावर एक युक्ती केली आहे : नक्कल काढताना ते पुढचे चार घटक चाचपतं आणि साच्यात, म्हणजे ज्याची नक्कल काढायची त्या धाग्यात, युरॅसिल लागलं की थांबतं. प्रयोगशाळेत हे अनेकांना महागात पडतं. आधीच्या पीसीआरमधल्या प्रतींची भेसळ टाळायला डीएनटीपीत (डीएनएच्या सुट्या घटकांत) युरॅसिल वापरणाऱ्या पद्धतीत साधं पीएफयू, म्हणजे हेच पायरोकॉकसचं पॉलिमरेज, टाकलं की जेलवर काहीच येत नाही, आणि माणूस आठवडाभर प्राइमर (नक्कल कुठून सुरू करायची ते ठरवणारे छोटे तुकडे) बदलत बसतो.

प्रश्न : अंडं उकडलं की घट्ट होतं. या जीवांची प्रथिनं का घट्ट होत नाहीत?
— गृहिणी, डोंबिवली

पांढऱ्यातलं एक प्रथिन साठीच्या घरातच उलगडायला लागतं, मुख्य ओव्हाल्ब्युमिन ८० च्या आसपास. उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पांढरं घट्ट होतं. उष्णताप्रेमींची प्रथिनं याच वीस अमिनो आम्लांची असतात, एकविसावं जादूचं कोणतं नाही. फरक बांधणीत आहे. वळणं आखूड, गाभ्यात पोकळ्या कमी, उष्णतेने आपोआप बिघडणारं अस्पॅरॅजिन कमी आणि पृष्ठभागावर ऋण-धन प्रभारांच्या जोड्यांची जाळी. पायरोकॉकसच्या ग्लुटामेट डिहायड्रोजिनेजमध्ये अशा एका जाळीत १८ प्रभारित घटक एकमेकांना धरून असतात, आणि ते एन्झाइम १०० अंशांच्या पाण्यात १२ तासांनीही निम्मं शिल्लक राहतं.

इतकी घट्ट बांधणी थंडीत आखडते. म्हणून यांची बहुतेक एन्झाइमं ३७ अंशांवर रेंगाळतात. हे ‘रेंगाळतात’ लक्षात ठेवा, ‘बंद पडतात’ नव्हे. पाचव्या प्रश्नात ते लागेल.

प्रश्न : टॅक पॉलिमरेज (पीसीआरला लागणारं थर्मसचं एन्झाइम) विकत घेणं परवडत नाही. टॅकचं जनुक असलेला प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) आमच्याकडे आहे. महाविद्यालयात एन्झाइम बनवता येईल का?
— प्राध्यापक, नांदेड

येईल, आणि स्वस्तात. मूळ पेटंटांची मुदतही केव्हाच संपली आहे. सगळी गंमत अशी की शुद्धीकरणाचं मुख्य यंत्र म्हणजे गरम पाण्याचं टोपलं.

जनुक ई. कोलायमध्ये घालून १ लिटर वाढवा. ओडी (पेशींची दाटी दाखवणारा आकडा) ०.८ च्या आसपास आली की आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) ०.५ मिलिमोलर (लिटरला साधारण १२५ मिलिग्रॅम) घालून रात्रभर चालू द्या. पेशी खाली बसवा, ट्रिस ५० मिलिमोलर, ग्लुकोज ५० मिलिमोलर आणि ईडीटीए १ मिलिमोलर अशा बफरमध्ये त्या धुऊन पुन्हा मिसळा. लायसोझाइम मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम घालून १५ मिनिटं बाहेरच ठेवा. मग ट्वीन-२० आणि एनपी-४० प्रत्येकी ०.५ टक्का असलेलं फोडणीचं बफर तितक्याच आकारमानाने ओता (फोडणी पेशींची, आमटीची नव्हे) आणि ७५ अंशांवर एक तास ठेवा.

या तासात ई. कोलायची बहुतेक प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी नासून फुटतात आणि टॅकला ढिम्म होत नाही. फ्लास्क दह्यासारखा दिसला पाहिजे. इथेच दोन चुका होतात. पेशी फार दाट असल्या तर दह्याचा गोळा होतो आणि टॅक त्यात अडकून तळाशी जातं, तेव्हा आकारमान वाढवा. दुसरी म्हणजे टोपल्याचं पाणी ७५ ला पण फ्लास्कच्या आत अजून ५५. त्या अवस्थेत ई. कोलायची प्रोटीएजं (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) जिवंत असतात आणि टॅक कुरतडतात. म्हणून तापमापी फ्लास्कच्या आत घाला, आतला आकडा ७० ओलांडल्यावर तास मोजायला लागा. प्रोटीएजं रोखायला पीएमएसएफ वापरत असाल तर ऐन वेळी टाका, पाण्यात ते काही तासांत निकामी होतं. ते विषारी आहे, हातमोजे घाला.

जोरात फिरवून वरचं निवळ पाणी घ्या. त्यात १०० मिलिलिटरला ३० ग्रॅम अमोनियम सल्फेट हळूहळू विरघळवा आणि पुन्हा फिरवा. टॅक आता साक्यात येतं, पण डिटर्जंटमुळे त्यातला बराच भाग तळाशी न बसता वर तरंगतो. अनेकजण ती वरची साय सिंकमध्ये ओततात आणि मग उत्पन्न कमी आलं म्हणतात. वरचं आणि खालचं दोन्ही गोळा करा. थोड्या बफरमध्ये विरघळवून ५० टक्के ग्लिसरॉलच्या साठवणीच्या बफरविरुद्ध दोनदा, प्रत्येकी १२ तास डायलिसिस करा. पिशवी आकसून निम्म्याहून लहान होईल. ती फुटली नाही, ग्लिसरॉलने पाणी ओढून घेतलं.

किती घालायचं ते अंदाजाने ठरवू नका. बाजारच्या ५ युनिट प्रति मायक्रोलिटर टॅकशेजारी आपलं एन्झाइम १:२, १:४, १:८ असं १:६४ पर्यंत पातळ करून एकाच साच्यावर चालवा. घट्ट टॅकने बँडऐवजी धुरकट पट्टा येतो. नवशिके त्याला ‘एन्झाइम खराब’ म्हणून टाकून देतात, खरं तर ते जास्त चांगलं झालेलं असतं.

प्रश्न : सगळ्या जीवाणूंत असणाऱ्या १६एस जनुकाच्या सार्वत्रिक प्राइमरांनी पीसीआर करतो. साचा (नमुन्याचा डीएनए) न घातलेल्या नळीतही दीड हजार जोड्यांच्या लांबीच्या आसपास बँड येतो. पाणी, प्राइमर, डीएनटीपी सगळं बदललं. आता काय?
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उरलं काय? टॅक. ते ई. कोलायमध्ये बनतं, आणि ई. कोलायच्या डीएनएचे तुकडे शुद्धीकरणातून निसटून त्याच्यासोबत येतात. माणसाचं जनुक वाढवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तुमचे प्राइमर मात्र सगळ्या जीवाणूंना सारखेच धरतात. खात्री करायला तो बँड कापून क्रमवाचन करा, ई. कोलाय निघाला तर शोध संपला. मग डीएनए कमी असल्याची हमी असलेलं टॅक घ्या आणि चक्रं ३५ वरून २७-२८ वर आणा. मागच्या उत्तरातलं घरगुती टॅक या कामाला अजिबात वापरू नका.

तुम्ही पुढे विचारलं आहे की थर्मसचा डीएनए वाढत नाही म्हणून वितळवण्याचं तापमान ९८ करू का. टॅक वापरत असाल तर नको. टॅकचा अर्धायुकाल ९५ अंशांना साधारण ४० मिनिटं, ९७.५ ला फक्त ९ मिनिटं. ३० चक्रं गुणिले ३० सेकंद म्हणजे १५ मिनिटं. ९५ ला तीन चतुर्थांश टॅक शेवटपर्यंत टिकतं, ९७.५ ला एक तृतीयांशही उरत नाही. थर्मसच्या ६८ टक्के जी-सीसाठी ५ टक्के डीएमएसओ किंवा १ मोलर बीटेन घालून पाहा. ९८ हवंच असेल तर पीएफयू जातीचं एन्झाइम घ्या.

ट्रिसचा पीएचही तपासा. दर अंशाला तो सुमारे ०.०२८ ने उतरतो : २५ ला ८.३ असलेलं बफर ७२ ला ७ वर येतं, आणि टॅकला ते चालतं. पण कोणी शीतखोलीत ४ अंशांना ८.३ जुळवलं असेल तर खोलीत ते ७.७ आणि ७२ ला ६.४ होतं. तिथे बँड फिका पडतो.

आणि नळ्या बर्फावर भरा. टॅक थंडीत रेंगाळतं, थांबत नाही. टेबलावर वीस मिनिटं पडलेल्या नळीत चुकीच्या जागी चिकटलेल्या प्राइमरांना ते हळूहळू वाढवत असतं. हॉट-स्टार्ट टॅक (तापवल्यावरच कामाला लागणारं) निघालं ते याच कारणाने.

प्रश्न : लोणारच्या सरोवरात असे जीव मिळतात का? आणि १२१ अंशांवर वाढणारा जीव असेल तर घरच्या प्रेशर कुकरचा आणि दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हचा काय भरवसा?
— वाचक, बुलढाणा

लोणारचं पाणी गरम नाही, खारट आणि सोड्याचं आहे, पीएच १० च्या आसपास. तिथले जीव क्षार आणि अल्क सोसणारे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेही क्षारप्रेमी आर्किआच्या (जीवाणूंसारख्या एकपेशीय जीवांच्या) रंगामुळे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. उष्णताप्रेमी हवे असतील तर चोपड्याजवळच्या उनपदेवला किंवा कोकणात जा. कोकणातले झरे साधारण ३४ ते ७१ अंशांचे, म्हणजे थर्मससाठी बरे, पायरोकॉकससाठी थंड.

१२१ अंशांवर वाढणारा ‘स्ट्रेन १२१’ काझेम काशेफी आणि डेरेक लव्हली यांनी २००३ साली प्रशांत महासागराच्या तळाशी असलेल्या उष्ण झऱ्याच्या नमुन्यातून मिळवला. मेथॅनोपायरस कँडलेरीची एक जात २००८ साली समुद्रतळासारख्या प्रचंड दाबाखाली १२२ ला वाढली. पण स्ट्रेन १२१ ला वाढायला किमान ८५ अंश लागतात. तुमच्या अंगात ३७ च असतात, तो तिथे नुसता गारठून पडेल.

ऑटोक्लेव्हची खरी परीक्षा घेतो तो जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, तोच तुरळच्या प्लेटवरच्या कॉलन्यांचा नातलग. त्याचे बीजाणू इतके चिवट की तपासणीसाठी मुद्दाम तेच वापरतात. (डबाबंद भाज्यांनाही तो आंबवतो, पण वायू करत नाही, म्हणून डबा फुगत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या डब्यांना हा धोका जास्त.) ऑटोक्लेव्ह नापास होतो तो बहुतेक वेळा अडकलेल्या हवेमुळे : काटा १५ पौंड दाखवतो, पण आत वाफेसोबत हवाही असल्याने तापमान १२१ ला पोचलेलं नसतं. कुकरमध्ये माध्यम निर्जंतुक करत असाल तर आधी वाफेची सलग धार पाच-सात मिनिटं बाहेर जाऊ द्या आणि मग शिटी ठेवा.

बीजाणूंची जांभळी कुपी (आतले बीजाणू वाढले की ती पिवळी होते) सामानाच्या मधोमध, सर्वांत गच्च गाठोड्याच्या आत ठेवा. वरच्या जाळीवर ठेवली तर ती नेहमीच पास होते. १२१ ला १५ मिनिटं झाल्यावर ती आणि ऑटोक्लेव्ह न केलेली दुसरी कुपी, दोन्ही ५५ ते ६० अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. आतली जांभळीच राहायला हवी आणि बाहेरची पिवळी व्हायला हवी. बाहेरचीही जांभळीच राहिली तर बीजाणू आधीच मेलेले होते, त्या दिवसाची तपासणी रद्द समजून नवा डबा फोडा.